ऱ्हिनोग वाउर : वेल्समधल्या एका दांडग्या डोंगराची वाट

ऱ्हिनोग वाउरची उंची ७२० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेला, सह्याद्रीत पाय घट्ट झालेला मराठी ट्रेकर हा आकडा वाचतो आणि दोन तासांत माथा गाठायचा बेत करतो. दोन तास झाले तरी तो अजून खालच्या तळ्याकाठी धोंड्यांवरून तोल सांभाळत असतो. गुडघाभर हेदरच्या झुडपांखाली दगडांमधल्या फटी लपलेल्या असतात, सपाट दिसणाऱ्या हिरवळीत पाय घोट्यापर्यंत रुततो आणि समुद्रावरून आलेला ढग वीस मिनिटांत समोरचा कडा पुसून टाकतो.

या डोंगराची आखणी मीटर आणि किलोमीटरवर करून चालत नाही, ती घड्याळावर करावी लागते. पुढची सगळी माहिती त्याच हिशेबानं मांडली आहे. ज्यांनी चार-दोन ट्रेक केले आहेत, पण वेल्सचा डोंगर अजून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

डोंगर कुठे आहे, कसा आहे

वेल्सच्या वायव्य भागात एररी राष्ट्रीय उद्यान आहे. १९५१ साली स्थापन झालेलं हे उद्यान इंग्रजीत स्नोडोनिया म्हणून ओळखलं जायचं. त्याच्या पश्चिम कडेला, हार्लेख आणि बार्मथ या समुद्राकाठच्या गावांच्या मागे, उत्तर-दक्षिण पसरलेली डोंगररांग म्हणजे ऱ्हिनोगिद. ७५६ मीटरचा अ ल्हेथर हा रांगेतला सर्वांत उंच डोंगर. सर्वांत राकट भाग मात्र त्याच्या उत्तरेला, ऱ्हिनोग वाउर आणि ७१२ मीटरचा ऱ्हिनोग वाख या जोडीच्या आसपास आहे. दोघांच्या मधून एक खोल खिंड जाते, तिचं नाव बुल्ख ड्रूस आर्डिडुई. 'ड्रूस' म्हणजे दार आणि आर्डिडुई हे किनाऱ्यालगतच्या मुलखाचं जुनं नाव. खिंड हे दार, तर दोन्ही ऱ्हिनोग म्हणजे त्या दाराच्या चौकटीचे दोन खांब.

इथला खडक कँब्रियन काळातला, पन्नास कोटी वर्षांहून जुना, जाडसर कणांचा वालुकाश्म आहे. वेल्सचं लॅटिन वळणाचं नाव कँब्रिया. त्यावरूनच १८३५ साली ॲडम सेजविक यांनी त्या भूशास्त्रीय काळाला कँब्रियन म्हटलं. सह्याद्रीचा बसाल्ट थरावर थर चढलेला असतो, त्यामुळे कडा आणि माची अशी पायरी डोळ्यांना लगेच कळते. इथे तसं नाही. थर कलंडलेले, फुटलेले, मध्ये घळी आणि खाचा. समोर जवळ वाटणाऱ्या टेपाडाकडे जाताना मध्ये तीन खाचा उतरून चढाव्या लागतात. कोरड्या हवेत हा खरखरीत खडक बुटाला छान धरतो. पण शेवाळ आणि दगडफूल चढलेला दगड भिजला की साबणासारखा होतो.

पायरी पहिली : नावं वाचायला शिका

नकाशावरची वेल्श नावं म्हणजे जमिनीचं वर्णनच असतं. 'कुम' म्हणजे डोंगरांच्या कुशीतली दरी, 'बुल्ख' म्हणजे खिंड, 'ल्हिन' म्हणजे तळं, 'आवोन' म्हणजे नदी, 'नांत' म्हणजे ओढा, 'क्राइग' म्हणजे कातळ, 'कोइड' म्हणजे झाडी. 'वाउर' म्हणजे मोठा, 'वाख' म्हणजे धाकटा. 'डी' म्हणजे काळा, म्हणून ल्हिन डी हे काळं तळं. 'ग्लोइव' म्हणजे चकाकणारं. एवढे शब्द पाठ असले तर नकाशा निम्मा बोलका होतो.

उच्चाराच्या बाबतीत मराठी माणसाला थोडी सोय आहे. 'कुऱ्हाड' आणि 'ऱ्हास' यांतला ऱ्ह आपल्या जिभेवर असतो, त्यामुळे 'ऱ्हिनोग' म्हणायला अडचण पडत नाही. 'ल्हिन' म्हणताना जीभ 'ल'च्या जागी टेकवून दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडायची. वाट विचारताना आणि अडचणीत फोनवर जागा सांगताना नाव नीट उच्चारता येणं कामाचं असतं.

पायरी दुसरी : दिवस निवडा

मे ते सप्टेंबर हा पहिल्या खेपेसाठी चांगला काळ. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे चुकायलाही सवड मिळते. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं आणि सगळा डोंगर जांभळा होतो. तेव्हा तो सर्वांत सुंदर दिसतो, पण वाढलेली झुडपं वाट झाकून टाकतात हेही लक्षात ठेवा. डिसेंबरात चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्या महिन्यात हा डोंगर अनुभवी माणसांसाठी सोडून द्यावा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि त्याच दिवशी सकाळी ब्रिटिश हवामान खात्याचा डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज पाहा. गावाचा अंदाज इथे पुरत नाही. त्यातल्या तीन गोष्टी वाचा : माथ्यावरचा वारा, ढगांचा तळ किती उंचीवर आहे, आणि पाऊस किती वाजता. ढगांचा तळ ५०० मीटरवर सांगितला असेल, तर वरची सगळी अवघड वाट धुक्यात जाणार. अशा दिवशी वाटेतल्या बुल्ख तद्याड खिंडीपर्यंत जाऊन परत फिरायचं असं घरीच ठरवा. दर शंभर मीटरला तापमान साधारण अर्धा ते एक अंश उतरतं, आणि आयरिश समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला ही रांग पहिली भेटते. गावात हवा उबदार असली तरी माथ्यावर बोटं बधिर होऊ शकतात.

पायरी तिसरी : नकाशा आणि होकायंत्र

ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर मालिकेतला ओएल १८ क्रमांकाचा नकाशा घ्या. त्याचं प्रमाण १ : २५,०००, म्हणजे कागदावरचे ४ सेंटिमीटर जमिनीवर १ किलोमीटर. फोनवरचा नकाशा जरूर ठेवा आणि तो भाग आधीच उतरवून घ्या, कारण दरीत सिग्नल मिळेलच असं नाही. पण थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. म्हणून कागदी नकाशा जलरोधक पिशवीत घालून गळ्यात हवाच.

नकाशावर तीन गोष्टी आधी शोधा.

एक, हिरव्या तुटक रेषा. या सार्वजनिक हक्काच्या वाटा. पण रेषा आहे म्हणजे जमिनीवर मळलेली वाट आहे असं मानू नका. रेषा चालण्याचा कायदेशीर हक्क सांगते, पायवाट दिसेलच याची हमी देत नाही.

दोन, दगडी भिंतींच्या बारीक काळ्या रेषा. मेंढपाळांनी रचलेल्या या भिंती कड्यांच्या अंगावरूनही मैलोन्मैल गेल्या आहेत. धुक्यात त्यांच्यासारखा सोबती नाही.

तीन, समोच्चरेषा एकमेकींना चिकटलेल्या जागा. तिथे कडे आहेत. ऱ्हिनोग वाउरची उत्तर, पूर्व आणि दक्षिण या तिन्ही बाजू अशा आहेत.

सध्या वेल्समध्ये होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला फरक इतका थोडा आहे की चालणाऱ्यानं तो सोडून दिला तरी चालतं. मात्र होकायंत्रावर दिशा लावून शंभर पावलं नेमकी चालायचा सराव घराजवळच्या बागेत करून या. धुक्यात उभं राहून शिकायची ही विद्या नाही.

पायरी चौथी : सॅक भरा

घोटा झाकणारे, खोल खाचांच्या तळव्याचे, आधी वापरून मऊ झालेले बूट घाला. जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा, कारण सुती कापड भिजलं की अंगातली ऊब शोषून घेतं. पटकन वाळणारी लांब पँट, लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर, आणि खरोखर पाणी अडवणारं जाकीट व वरची पँट. आपल्याकडच्या पावसाळी ट्रेकला भिजणं हीच मजा असते, कारण हवा उबदार असते. इथे भिजलेला माणूस वाऱ्यात उभा राहिला तर अर्ध्या तासात कुडकुडू लागतो.

याशिवाय टोपी आणि हातमोजे, उन्हाळ्यातसुद्धा. हेडटॉर्च आणि जादा सेल, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, गोचीड काढायचा बारीक चिमटा, आणि प्रत्येकासाठी एक नारिंगी रंगाची सर्व्हायव्हल बॅग. ही जाड प्लॅस्टिकची माणूसभर पिशवी असते. स्वस्त आणि हलकी, पण पाय मुरगळून बसून राहावं लागलं तर जीव वाचवते. चालण्याच्या दोन काठ्या असतील तर दलदलीत फार कामाच्या.

पाणी किमान दीड लिटर घ्या. ओढे भरपूर आहेत, पण वर सगळीकडे मेंढ्या आणि रानबकऱ्या चरतात, म्हणून पाणी गाळल्या-उकळल्याशिवाय पिऊ नका. चहाचा थर्मास, पोळीची गुंडाळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर असं थांबल्याथांबल्या खाता येणारं सोबत असू द्या. वाटेत दुकान, टपरी, पाड्यावरचं घर, काही नाही.

पायरी पाचवी : वेळेचं गणित मांडा

१८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं एक सोपा हिशेब दिला, तो ब्रिटनमध्ये अजून शिकवतात : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आपली वाट जाऊन-येऊन साधारण ८ किलोमीटर आणि चढाई साधारण ५६० मीटर. म्हणजे अंतराचा दीड तास नि वर थोडा, चढाईचा जवळजवळ एक तास, मिळून अडीच तास.

हा हिशेब चालता येण्याजोग्या वाटेचा आहे. ऱ्हिनोगवर तो दुप्पट करा, म्हणजे पाच तास. त्यात खाणं, फोटो, नकाशा पाहणं यांचा एक तास मिळवा. सहा तास झाले. मग वहीत असं लिहा :

गाडीतळ सोडला : ९.००
खिंड : १०.१५
ल्हिन डी : १०.५०
माथा : १२.१५
परत ल्हिन डी : १.३०
गाडीतळ : ३.००

शेवटी एक ओळ जाड अक्षरात लिहा : "१२.४५ वाजता असू तिथून परत." माथा शंभर पावलांवर दिसत असला तरी ही ओळ मोडायची नाही. ती घरी, शांत डोक्यानं लिहिलेली असते. वर गेल्यावर माथा समोर पाहून घेतलेला निर्णय तितका शांत नसतो. हा कागद घरी कुणाकडे तरी ठेवा आणि सांगा की सहा वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची.

पायरी सहावी : वाट

*गावापासून दरीपर्यंत.* पायथ्याचं गाव ल्हानबेडर. किनाऱ्यानं जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्याचं छोटं स्टेशन आहे. गावातून आर्ट्रो नदीच्या सोबतीनं साधारण ८ किलोमीटरचा अगदी अरुंद रस्ता कुम बखानला जातो. एका वेळी एकच गाडी मावते. समोरून गाडी आली तर बाजूच्या रुंद जागेपर्यंत मागे घ्यायची तयारी ठेवा. रस्ता कुम बखानच्या तळ्याच्या टोकाशी, शेतघराजवळ संपतो. गाडी लावायचे पैसे द्यावे लागतात, म्हणून सुटी नाणी जवळ असू द्या. गाडीतळाची उंची दीडशे मीटरच्या आसपास आहे.

*रोमन पायऱ्या.* गाडीतळापासून पाटीची वाट ओढा ओलांडून ओकच्या जुन्या झाडीत शिरते. झाडी संपली की दोन्ही बाजूंना हेदर आणि कातळ सुरू होतो, आणि पायाखाली नीट बसवलेल्या सपाट दगडांच्या पायऱ्या येतात. त्यांना 'रोमन स्टेप्स' म्हणतात, पण त्या रोमनांच्या नाहीत. मध्ययुगात किनाऱ्यावरचा माल लादलेली तट्टं आतल्या मुलखात नेण्यासाठी ही वाट बांधली, असं मानलं जातं. आपल्या नाणेघाटासारखाच हा किनाऱ्यावरून वर चढणारा व्यापाराचा मार्ग. अख्ख्या दिवसातली ही सर्वांत सोपी वाट. इथे वेग वाढवून पुढचा वेळ वाचवायचा मोह होतो. तो आवरा, कारण ओल्या पायऱ्यांवर घसरून पडणारे पुष्कळ.

*खिंड.* पायऱ्या चढत चढत बुल्ख तद्याड या खिंडीत नेतात. डाव्या हाताला क्राइग वियोनचे कडे, उजव्या हाताला ऱ्हिनोग वाउरचा उतार. इथे थांबा. घड्याळ पाहा, नकाशा जमिनीशी जुळवून धरा, वर ढग किती खाली आहेत ते पाहा. माथा झाकलेला असेल, वारा उभं राहू देत नसेल, किंवा कागदावरच्या वेळेपेक्षा पाऊण तास मागे असाल, तर इथेच जेवण करून परत फिरायचं. खिंडीपर्यंतचा हा ट्रेकसुद्धा दिवस सार्थकी लावणारा आहे.

*काळं तळं.* खिंडीच्या माथ्याजवळून उजवीकडे एक बारीक वाट दक्षिणेकडे चढते. पायऱ्यांचा राजमार्ग इथे सुटतो. ही वाट हेदरमधून, दगडांच्या मधून, कधी ओढ्याच्या पात्रातून जाते. मेंढ्यांच्या ढोरवाटा तिला फुटतात आणि त्या खऱ्या वाटेपेक्षा अधिक मळलेल्या दिसतात. दर दहा मिनिटांनी होकायंत्र पाहा. वाट पश्चिमेला किंवा पूर्वेला लांबवर जाऊ लागली तर ती आपली नाही. चढ संपला की कड्याखालचं ल्हिन डी समोर येतं. वारा नसेल तर पाणी खरंच काळं दिसतं.

*धोंड्यांचा काठ.* तळ्याच्या उत्तर काठानं पश्चिमेकडे निघा. वाट म्हणावी तर पाण्याकडे कलंडलेली मोठमोठ्या धोंड्यांची रास. हात मोकळे हवेत, म्हणून काठ्या सॅकला बांधा. प्रत्येक दगडावर पूर्ण वजन टाकण्याआधी पायानं चाचपून पाहा. एका वेळी एकानंच हलावं, मागच्यानं दोन पावलं अंतर ठेवावं.

*माथा.* काठ संपला की भिंतीच्या सोबतीनं पश्चिमेला वर चढा. मग डावीकडे वळून दक्षिणेला आणि पुढे पूर्वेकडे, दगड आणि घसारा यांतून वाट माथ्याकडे जाते. भिंत जिथे सोडली ती जागा नीट पाहून ठेवा. मागे वळून तिचा फोटो काढा, कारण उतरताना नेमकी तीच जागा सापडायला हवी. माथ्यावर सर्वेक्षणाचा खांब आहे. तिथून पश्चिमेला कार्डिगनचा उपसागर आणि ल्हीन द्वीपकल्प, उत्तरेला स्नोडन म्हणजे अर विद्वा, दक्षिणेला खिंडीपलीकडे ऱ्हिनोग वाख आणि दूर काडेर इद्रिस. ईशान्येला ट्राउसवनिदचा जलाशय आणि त्याच्या काठावर आता बंद असलेलं अणुवीज केंद्र दिसतं. त्याचे चौकोनी ठोकळे दिशा ओळखायची चांगली खूण आहेत.

*परत.* आल्या वाटेनंच उतरा. दक्षिणेला खाली दिसणारी खिंड जवळ भासते, पण मध्ये कडे आहेत. पश्चिमेकडून ग्लोइव लिन या तळ्याच्या बाजूनं उतरणारेही लोक आहेत. ती वाट पुष्कळ ठिकाणी दिसेनाशी होते, म्हणून दुसऱ्या खेपेला आणि स्वच्छ हवेतच घ्यावी.

पायरी सातवी : हेदर आणि दलदल कशी ओलांडायची

ऱ्हिनोग वाउरच्या पूर्वेला पसरलेलं माळरान डोंगरापेक्षा वेगळं कौशल्य मागतं. बुल्ख तद्याड खिंडीतून पूर्वेला उतरून, डोंगराला वळसा घालून बुल्ख ड्रूस आर्डिडुईतून पश्चिमेला येणारी फेरी प्रसिद्ध आहे. त्या खिंडीतून पूर्वी गुराखी वेल्सची गुरं इंग्लंडच्या बाजारात हाकत नेत. आज तिथे चिखल आणि पाणी भरपूर असतं. ही फेरी करायची तर पूर्ण दिवस ठेवा आणि माथ्याचा बेत त्यात घालू नका.

अशा जमिनीवर रंग वाचायला शिका. चमकदार पोपटी किंवा लालसर मऊ गादी म्हणजे स्फॅग्नम शेवाळ, त्याच्याखाली पाणी. पांढरे कापसासारखे तुरे डुलत असतील तर तिथे ओल नक्की. उंच, ताठ, गडद हिरवी लव्हाळ्याची जुडगी ओलीतच उगवते, पण तिच्या बुंध्यावर पाऊल ठेवलं तर आधार मिळतो. तपकिरी-जांभळं हेदर त्यामानानं कोरड्या जागी वाढतं. म्हणून थोडा वळसा पडला तरी हेदर आणि दगड यांच्या कडेकडेनं जावं.

हेदरमध्ये पाय ओढत चालू नका, उचलून सरळ खाली ठेवा. झुडपाखाली दोन दगडांमधली फट असू शकते, आणि घाईत टाकलेला पाय तिथे अडकून शरीर पुढे गेलं की घोटा मोडतो. दलदलीत पाय गुडघ्यापर्यंत गेलाच तर जोर करून उपसू नका. मागे रेला, काठ्या आडव्या टाकून त्यांच्यावर वजन घ्या आणि टाच हलवत सावकाश पाय सोडवा.

धुकं आलं तर

पहिलं काम, थांबा. सगळ्यांनी एकत्र यायचं आणि शेवटची खात्रीची जागा कोणती होती ते ठरवायचं. तिथून अंदाजे किती मिनिटं चाललो ते घड्याळावरून काढा आणि नकाशावर बोट ठेवा. नंतर भिंत, तळ्याचा काठ, ओढा यांपैकी जवळची ठळक गोष्ट निवडून होकायंत्रानं तिच्याकडे जा. "वाट इकडेच असणार" असं म्हणत उतार दिसेल तिकडे सुटणं, हीच या डोंगरावरची सर्वांत धोक्याची चूक. ओढ्याच्या काठानं खाली उतरत राहायचं हा आपल्याकडचा उपायही इथे नको, कारण ओढे कड्यावरून पडतात.

दुखापत झाली तर

जखमी माणसाला वाऱ्यापासून आडोसा द्या, खाली सॅक घाला, कोरडे कपडे चढवा, सर्व्हायव्हल बॅगेत बसवा. सतत हुडहुडी, बोलताना जीभ जड होणं, चालताना अडखळणं, मध्येच गप्प आणि हट्टी होणं ही शरीर धोकादायकरीत्या थंड पडत असल्याची चिन्हं आहेत. गोड खाणं आणि गरम चहा द्या, दारू कधीच नाही.

९९९ किंवा ११२ लावा. आधी 'पोलीस' मागा, मग 'माउंटन रेस्क्यू' सांगा. जागा नकाशाच्या जाळीवरून द्या : माथ्याचा संदर्भ एसएच ६५७ २९०. पहिले तीन आकडे पूर्वेकडे मोजायचे, नंतरचे तीन उत्तरेकडे. घरून निघण्याआधी ९९९ वर इंग्रजीतला 'रजिस्टर' हा शब्द एसएमएस करून नोंदणी केली, तर बोलण्याइतका सिग्नल नसतानाही मदत मागता येते. फोन चालत नसेल तर मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर म्हणून तीन येतात. बचाव पथकातले लोक स्वयंसेवक आहेत. ते आपली कामं सोडून, पैसे न घेता येतात. म्हणून गरज असेल तेव्हा संकोच नको, आणि टाळता येईल ती चूक करू नका.

एक छोटी गोष्ट मोठी होऊ शकते ती गोचिडीची. उन्हाळ्यात नेच्यांमधून आणि लांब गवतातून चाललात तर संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेभोवती नीट तपासा. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी असले उपाय करू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल चट्ट्यासारखं वर्तुळ उठलं किंवा ताप आला, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं सांगा. तो लाइम आजार असू शकतो आणि वेळेवर प्रतिजैविकं दिली की बरा होतो.

जमिनीचा मान

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० सालच्या कायद्यानं मोकळ्या डोंगरावर आणि माळरानावर पायी फिरायचा हक्क मिळाला. हक्क आहे, पण जमीन कुणाच्या तरी पोटापाण्याची आहे. फाटक जसं दिसलं तसंच ठेवा : बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. भिंतीवर चढू नका. बिनचुन्याची ती रचाई एक दगड निखळला की ढासळते. बरोबर कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै या काळात दोरीला बांधलेला हवा, कारण तेव्हा जमिनीवर घरटी असतात. मालकाच्या परवानगीवाचून तंबू ठोकायचा नाही. शेकोटी मुळीच नको. हेदरखालचा पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर, कोरडा पडला की पेट घेतो आणि आतल्या आत धुमसत राहतो. संत्र्याची साल आणि टिशू पेपरसुद्धा सॅकमध्ये परत आणा.

पहिल्या खेपेला माथा मिळाला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. खिंडीत थांबून, घड्याळ पाहून, शांतपणे मागे वळलेला माणूस हा डोंगर शिकलेला असतो. पुढच्या खेपेला निघताना सॅकमध्ये नकाशा आणि खाऊ भरा, आणि त्यांच्याबरोबर परतीच्या वेळेचा तो कागदही घ्या. "१२.४५ वाजता असू तिथून परत" ही ओळ आजच लिहून ठेवा.